वळिवड्याचे पोलिश हिटलरला घाबरून आले नव्हते

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही. "अरे, हे वाचलंस का तू? मग आम्ही इतकी वर्षं पोरांना चुकीचंच सांगत होतो का?"

आत्या कोल्हापुरातल्या एका शाळेत इतिहास शिकवायची. दरवर्षी सातवीच्या पोरांना घेऊन ती महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी जायची आणि दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीची गोष्ट सांगायची. आता तिच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी पोलंड आणि रशियाच्या चारशे वर्षांच्या भांडणाचं 'दडवलेलं सत्य' टाकलं, आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. सत्तरी ओलांडलेली बाई त्या रात्री झोपली नाही. म्हणून हे लिहितोय.

त्या मजकुरात सहा मुद्दे आहेत. नेहमी पोलंडनेच चढाई केली आणि रशियाने फक्त स्वतःला वाचवलं. अठराव्या शतकातली पोलंडची फाळणी त्यांच्याच बेबंदशाहीमुळे झाली. १९२० च्या युद्धात पोलंडने लाखभर रशियन कैदी मारले. १९३९ मध्ये सोव्हिएत लाल सैन्य पूर्व पोलंडच्या लोकांच्या रक्षणासाठी आत गेलं. कातिनचं हत्याकांड, म्हणजे रशियात स्मोलेन्स्कजवळच्या जंगलात हजारो पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या ते, जर्मनांनी केलं. आणि सहावा असा, की वळिवड्याला आलेले पोलिश हिटलरपासून पळालेले होते आणि स्टालिनने माणुसकीने त्यांना भारतात पाठवलं.

सहाव्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो आपल्या दारातला आहे.

वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. आज जिथे गांधीनगरची कापडपेठ आहे, तिथे त्यांच्या बराकी होत्या, शाळा होत्या, चर्च होतं. त्यांतले बहुसंख्य पूर्व पोलंडचे. हिटलरने जो पोलंड घेतला तो पश्चिमेचा. पूर्वेचा स्टालिनने घेतला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या घरांची दारं रात्री-अपरात्री ठोठावली जाऊ लागली. हाताला लागेल ते गाठोड्यात बांधायचं, बर्फातून स्टेशन गाठायचं आणि गुरांच्या डब्यात चढायचं. पुढे आठवडा-आठवडा प्रवास. कुणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूडतोडीला, कुणी सायबेरियात, कुणी कझाकस्तानात. १९४१ च्या जूनपर्यंत अशा चार मोठ्या खेपा झाल्या. खुद्द सोव्हिएत पोलिसांच्या नोंदींतला आकडा तीन लाखांच्या वर जातो. हिटलरचं सैन्य त्या गावांत शिरलं ते १९४१ च्या जूनअखेर. तोवर ही माणसं तिथे नव्हतीच. जो माणूस त्यांच्या गावात पोचलाच नव्हता, त्याला घाबरून ती पळतील कशी?

आता माणुसकीचं बघू. २२ जून १९४१ रोजी हिटलर रशियावर उलटला आणि स्टालिनला अचानक मित्र हवे झाले. ३० जुलैला लंडनमध्ये, तिथे आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांना 'माफी' मिळाली. माफी कशाची? दहा वर्षांच्या पोरीने काय गुन्हा केला होता? सुटलेली माणसं टायफस आणि उपासमार सोसत दक्षिणेकडे सरकली. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या फौजेबरोबर सुमारे १ लाख १५ हजार पोलिश, सैनिक आणि नागरिक मिळून, इराणात उतरले. क्रास्नोव्होद्स्कहून बोटीने कॅस्पियन ओलांडून पहलवी बंदर. तिथून पुढे कुणी आफ्रिकेत, कुणी जामनगरजवळच्या बालाचडीला, कुणी वळिवड्याला. ही सोय लंडनमधलं पोलिश सरकार, ब्रिटिश आणि इथले संस्थानिक यांनी केली. स्टालिनने फक्त दार उघडलं, आणि तेही स्वतः लावलेलं.

पाचवा मुद्दा सगळ्यांत विषारी आहे. कातिन जर्मनांनी केलं, पुरावा काय तर गोळ्या जर्मन बनावटीच्या. गोळ्या जर्मन होत्या, हे खरंय. तेवढं कबूल करतो. पण त्या बनवणाऱ्या जर्मन कारखान्याने महायुद्धाच्या आधी आपला माल सोव्हिएत संघालाही विकला होता. गोळी कुठे बनली यावरून चाप कुणी ओढला ते ठरत नाही.

चाप ओढायचा हुकूम मात्र कागदावर आहे. ५ मार्च १९४०. गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने स्टालिनला लिहिलेलं पत्र. त्यात कैदछावण्यांतले १४,७०० पोलिश अधिकारी, पोलीस, जमीनदार वगैरे आणि तुरुंगांतले ११,००० जण, यांना आरोपपत्र न देता, समोर न बोलावता गोळ्या घालण्याचा प्रस्ताव आहे. पत्रावर स्टालिनची आडवीतिडवी सही आहे, खाली त्याचे सहकारी व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान यांच्या सह्या आहेत. हे पत्र पोलंडने शोधलं नाही, अमेरिकेनेही नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये येल्त्सिन यांच्या रशियन सरकारने मॉस्कोच्या संग्रहातून काढून ते वॉर्सॉत राष्ट्राध्यक्ष वावेन्सांच्या हाती दिलं. त्याच संचात १९५९ ची सोव्हिएत गुप्तहेर प्रमुखाची टीप आहे, तिच्यात गोळ्या घातलेल्यांचा एकूण आकडा २१,८५७ असा दिला आहे. त्याआधी १३ एप्रिल १९९० ला गोर्बाचेव्ह यांच्या काळात सोव्हिएत संघाने जबाबदारी मान्य केली होती. २०१० मध्ये रशियाच्या संसदेने, दूमाने, ठराव करून स्टालिनच्या आदेशाचा उल्लेख केला. ज्याने केलं त्याच्याच घरातून आलेला कागद ज्याला पुरत नाही, त्याला पुरावा नकोच आहे.

आणि कागद बाजूला ठेवला तरी हे बघा. ३ डिसेंबर १९४१ ला पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि अँडर्स क्रेमलिनमध्ये स्टालिनसमोर बसले होते. आमचे हजारो अधिकारी कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. स्टालिन म्हणाला, पळाले. कुठे? तर मांचुरियात. पुढे १९४३ मध्ये कातिनला जर्मनांना थडगी सापडल्यावर सोव्हिएत कथा बदलली: हे कैदी स्मोलेन्स्कजवळ रस्त्याच्या कामावर होते आणि १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनांच्या हाती लागले. मग डिसेंबरमध्ये मांचुरिया कुठून आलं?

कातिनला मारल्या गेलेल्या मेजर आदाम सोल्स्की यांची डायरी त्यांच्या प्रेताच्या खिशात मिळाली. शेवटची नोंद ९ एप्रिल १९४०. पहाटेपासून दिवस विचित्र सुरू झाला, असं ते लिहितात. कैद्यांच्या गाडीच्या खुराड्यात कोंबून जंगलात आणलं, विश्रामगृहासारखी जागा होती. झडती झाली. घड्याळ काढून घेतलं, त्यात ६.३० वाजले होते. पुढे कंसात ८.३०. आधीची वेळ पोलंडची, कंसातली मॉस्कोची. सात महिने कैदेत काढूनही त्या माणसाने घड्याळाचे काटे हलवले नव्हते. लग्नाच्या अंगठीबद्दल विचारलं. रूबल, पट्टा, चाकू घेतला. त्यापुढे डायरी कोरी. जर्मन स्मोलेन्स्कला पोचायला अजून पंधरा महिने होते.

याचा वळिवड्याशी थेट संबंध आहे, म्हणून एवढा वेळ घेतला. त्याच वसंतात या कैद्यांच्या बायकापोरांची नावं-पत्ते गोळा केले गेले, आणि १३ एप्रिल १९४० च्या खेपेत अशी कुटुंबं कझाकस्तानला रवाना झाली. नवरा जंगलातल्या खड्ड्यात आणि बायको गुरांच्या डब्यात, एकाच महिन्यात. इराणमार्गे इथवर पोचलेल्या पोरांत कितीतरी जण बाबांच्या पत्राची वाट बघत होते.

१९३९ चं 'रक्षण' फार लांबवत नाही. २३ ऑगस्टला मॉस्कोत हिटलरशी करार झाला, त्याच्या गुप्त जोडपत्रात नारेव, व्हिस्तुला आणि सान या नद्यांच्या रेषेवर पोलंड वाटून घ्यायचं ठरलं होतं. १ सप्टेंबरला जर्मन शिरले, १७ ला रशियन. त्या पहाटे तीन वाजता पोलिश राजदूताला उठवून सांगितलं की तुमचं राज्य उरलेलं नाही. त्या क्षणी वॉर्सॉ लढत होतं, ते २८ पर्यंत लढलं. पोलंड आणि सोव्हिएत संघातला १९३२ चा अनाक्रमणाचा करारही तेव्हा जिवंतच होता.

उरलेल्या तीन मुद्द्यांत थोडं तथ्य आहे. सांगायला जिवावर येतं, पण आहे. पोलिश सैन्य १६१० मध्ये मॉस्कोत शिरलं होतं, दोन वर्षं क्रेमलिन धरून बसलं होतं आणि त्या काळात मॉस्को जळलं. रशियात ४ नोव्हेंबरचा राष्ट्रीय एकता दिन १६१२ च्या त्या सुटकेचाच आहे. तेव्हा पोलंड नेहमीच बिचारा होता, असं मीही म्हणणार नाही. पण 'रशियाने फक्त स्वतःला वाचवलं' म्हणणाऱ्याने १७९४ च्या नोव्हेंबरात रशियन सेनापती सुवोरोव्हच्या सैन्याने वॉर्सॉच्या प्रागा उपनगरात केलेली कत्तलही सांगावी. तिथे कोण कुणापासून वाचत होतं?

फाळणीचंही तसंच. एका सभासदाच्या नकाराने अख्खी संसद मोडायची, ही पोलंडची बेबंदशाही खरी. पण ती टिकवायची हमी १७६८ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिनेच करारात घालून घेतली होती. पोलंडने ३ मे १७९१ ला नवं संविधान करून तो नकाराधिकार काढून टाकला, आणि पुढच्याच वर्षी रशियन फौजा आत आल्या.

१९२० चे कैदी. युद्ध १९१९ मध्येच सुरू झालं होतं. १९२० च्या मे महिन्यात पोलिश सैन्य कीव्हमध्ये शिरलं, हेही खरं. पोलिश छावण्यांत सोव्हिएत कैदी टायफस, थंडी आणि हलगर्जीने मेले. रशियन आणि पोलिश अभ्यासकांनी मिळून २००४ मध्ये कागदपत्रं छापली, त्यांत आकडा १६ ते २० हजारांच्या घरात आहे. लाखभर नाही, आणि ठरवून गोळ्या घातलेल्याही नाहीत. तरी वीस हजार माणसं म्हणजे लहान गोष्ट नाही. पोलंडने ती नीट सांगायला हवी, आणि आत्यालाही मी हे तसंच सांगितलं.

काल सकाळी तिचा परत फोन आला. ग्रुपवर ती स्वतः लिहिणार आहे. माझ्याकडून तिने ५ मार्चच्या पत्राचा फोटो मागवला आणि चौघांच्या सह्या कुठे कुठे आहेत ते विचारून वहीत उतरवून घेतलं.