यूट्यूब-व्हॉट्सअ‍ॅपच्या डेटाला वेगळा दर? नाही!

परभणी-सेलूकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘ट्रायने (मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी दूरसंचार नियामक संस्था) परवानगी दिली, आता यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपच्या डेटाला कंपन्या वेगळा दर लावणार.’ काल मीही तो पुढे पाठवला, माझी चूक झाली.

रात्री ट्रायच्या संकेतस्थळावरचा मूळ नियम वाचला. तो नेमका उलट आहे. ८ फेब्रुवारी २०१६ च्या या नियमानुसार कोणती साइट, कोणतं अ‍ॅप हे पाहून डेटाचा वेगळा दर लावताच येत नाही. लावला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. पॅक महाग होऊ शकतो, पण मग तो सगळ्याच वापराला. अमेरिकेने २०१७ मध्ये सगळ्या साइटना समान वागणूक देणारे नियम रद्द केले, पण ते तिथले; त्याचा आपल्या नियमाशी संबंध नाही.

गावाकडची कितीतरी पोरं यूट्यूबवर अभ्यास करतात, त्यांच्या घरी उगाच धास्ती नको. कृपया मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.