‘ड्रायव्हर एकदा लिहिला की झालं’ हे खरं नाही

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. ती हाताळणारा ड्रायव्हर एकदा लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, गेला की पुढे फारसं काम उरत नाही, असा दावा सध्या बराच फिरतो आहे. डिस्कवरची मांडणी ठरलेली, कोड सगळ्यांना खुला, आणि बिघडलंच तर दुरुस्त करता येतं, ही त्यामागची तीन कारणं. तिन्ही तपासायला हवीत, कारण याच समजुतीपायी मेंटेनरचं, म्हणजे कोडची देखभाल करणाऱ्याचं, काम कुणाच्या खिजगणतीत नसतं.

मांडणी ठरलेली असते, मान्य. पण कर्नल बदलत राहतो. मेमरी हाताळणीत पेजच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) जागी फोलिओ (अशा पेजांचे गट) आले, माउंट करण्याची (डिस्क वापरासाठी जोडून घेण्याची) अंतर्गत पद्धत बदलली. अशा प्रत्येक बदलाबरोबर प्रत्येक ड्रायव्हर सुधारून पुन्हा तपासावा लागतो. राइझरएफएस ही फाइल सिस्टिम २००१ पासून कर्नलमध्ये होती. तिची मांडणी कुणी बिघडवली नव्हती, पण तिला नव्या कर्नलशी जुळवून घेत राहणारं कुणी उरलं नाही. २०२२ मध्ये तिच्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसला आणि जानेवारी २०२५ च्या ६.१३ आवृत्तीतून ती काढून टाकली गेली.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमची मांडणी तर मायक्रोसॉफ्टने पूर्ण तपशिलात कधी जाहीरच केलेली नाही. लिनक्सवाल्यांना ती डिस्क वाचून वाचून उलगडावी लागली. त्यात आपल्यालाच भिडणारा एक मुद्दा आहे. एनटीएफएसमध्ये फाइलचं नाव यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, २५५ एककांपर्यंत ठेवता येतं. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजून. म्हणजे ८५ चिन्हांत जागा संपली! विंडोजवर बिनतक्रार चाललेलं लांबलचक मराठी नाव इथे कॉपी होत नाही. इंग्रजी नावं वापरून चाचणी करणाऱ्याला ही अडचण कधी दिसणारच नाही.

‘कोड खुला आहे, कुणीतरी बघेलच.’ ऑगस्ट २०२० मध्ये पॅरागॉन कंपनीने एनटीएफएस३ हा एनटीएफएससाठीचा ड्रायव्हर कर्नलसाठी देऊ केला, सुमारे २७,००० ओळी, एकाच पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एकाच गठ्ठ्यात). तो तुकड्यांत द्या, असं सांगण्यापासून समीक्षकांचं काम सुरू झालं. अनेक फेऱ्यांनंतर २०२१ च्या ५.१५ या कर्नल आवृत्तीत तो दाखल झाला. त्यानंतर काही महिने मेंटेनरकडून हालचालच दिसेना. २०२२ च्या वसंतात ‘हा ड्रायव्हर पोरका झाला का?’ असा प्रश्न उघड विचारला गेला, तेव्हा कुठे दुरुस्त्या पुन्हा येऊ लागल्या. कोड सगळा वेळ खुलाच होता. पण पॅच तपासून, जबाबदारी घेऊन पुढे पाठवणारा माणूस लागतो, आणि इतका गुंतागुंतीचा कोड समजलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात.

उरला ‘बिघडलं तर दुरुस्त करू’ हा मुद्दा. मला सर्वांत जास्त चीड याचीच येते. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमधली बहुतेक चूक पडद्यावर दिसते आणि रीबूट केल्यावर जाते. फाइल सिस्टिमची चूक डिस्कवर लिहिली जाते. ती लक्षात येईपर्यंत बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल गेलेली असू शकते. नंतर आलेला पॅच ती परत आणत नाही. शिवाय अनेक डेस्कटॉपवर पेन ड्राइव्ह लावताच आपोआप माउंट होतो, म्हणजे अनोळखी डेटा थेट कर्नलच्या हाती जातो. म्हणूनच सिझबॉट हा कर्नलमधल्या चुका शोधणारा स्वयंचलित प्रोग्राम मुद्दाम मोडतोड केलेल्या डिस्क-प्रतिमा ड्रायव्हरपुढे टाकत राहतो, आणि त्यातून निघालेला प्रत्येक अहवाल कुणीतरी बसून सोडवावा लागतो.