खुलासा: त्रैक्य समजावता आलं नाही म्हणून विश्वास खोटा ठरत नाही

‘त्रैक्याचा सिद्धांत समजावून सांगता येत नसेल, तर तुमचा विश्वास खरा नाही,’ असा मजकूर फिरतोय. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती शिकवण. शुभवर्तमानात याला आधार नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायातला, येशूशेजारी वधस्तंभावर असलेला गुन्हेगार पाहा. ना शिकवण, ना बाप्तिस्मा. आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण ठेवा, एवढंच तो येशूला म्हणाला. सुखलोकाचं, म्हणजे स्वर्गाचं वचन त्याला तिथेच मिळालं. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, हे शब्दांत बांधणारी निकियाची परिषद, म्हणजे ख्रिस्ती धर्माध्यक्षांची सभा, भरली 325 साली. त्याआधीच कितीतरी जणांनी विश्वासापायी प्राण दिले होते. साध्या भाविकांना असं घाबरवणं अन्यायाचंच आहे.

मात्र म्हणून डोकं बाजूला ठेवा, असंही नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात शुभवर्तमान सांगणारा फिलिप्प रथात शास्त्र वाचत बसलेल्या कूशी (आजच्या सुदानकडच्या) अधिकाऱ्याला आधी विचारतो, वाचताय ते कळतंय का? मग रथात शेजारी बसून समजावतो.