चाड सरोवराच्या त्या दोन चित्रांबद्दल खुलासा

नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून यांच्या सीमेवरचं चाड सरोवर ९० टक्के आटलं, अजून आटतंय आणि त्यातूनच बोको हराम ही अतिरेकी संघटना जन्मली, असा मेसेज जुन्या-नव्या उपग्रहचित्रांसह फिरतो आहे. त्यातलं अर्धंच खरं आहे.

१९६० च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किलोमीटरचं हे सरोवर १९७० आणि ८० च्या दुष्काळांत खरोखरच आक्रसलं. पण १९९० नंतर ते बऱ्यापैकी सावरलंय. चित्रात हिरवं दिसतं ती सगळी कोरडी जमीन नव्हे, लव्हाळ्यांखाली पाणी असतं. पाण्याची पातळी आणि भूजल मोजणाऱ्या अभ्यासांतून हेच पुढे आलंय.

बोको हराम २००२ च्या सुमारास नायजेरियातल्या मैदुगुरी शहरात उभी राहिली. कट्टर शिकवण, बेकारी, सरकारवरचा राग ही तिची मुळं. २००९ मध्ये संस्थापक मोहम्मद युसूफ पोलीस कोठडीत मारला गेला आणि हिंसाचार भडकला.

पर्यावरणाचा संबंध नाहीच, असं मात्र मुळीच नाही. पाऊस बेभरवशाचा झाला की पाणी आणि चराईवरून तंटे वाढतात, हाताला काम नसलेली पोरं संघटनेच्या गळाला लागतात. आणि बंदोबस्तही पोटावर येतो: नायजरच्या दिफा भागात अतिरेक्यांचा पैसा तोडायला मासळी आणि लाल मिरचीच्या व्यापारावरच बंदी घातली गेली. तिथल्या घरांचा संसार याच दोन गोष्टींवर चालतो!

तेव्हा कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.