पुशरॉड लांब केल्याने एमजीबीचा क्लच सुधारत नाही

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा क्लच पुन्हा जोडायला घेतला की एक सल्ला हमखास पुढे येतो. मालक मंडळी तो वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवत आली आहेत. (आधी रचना: पेडल वरच्या मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल दाबतं, ते खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन ढकलतं, आणि पिस्टनपुढची दांडी, म्हणजे पुशरॉड, क्लच सोडवणारा लिव्हर, म्हणजे फोर्क, हलवते.) त्या सल्ल्याचा मथितार्थ असा: 'सगळे सांधे झिजलेले असतात, म्हणून स्लेव्ह सिलिंडरचा पुशरॉड कापून मधे तुकडा वेल्ड करा, नाहीतर लांबी बदलता येणारा रॉड घाला, प्ले (सांध्यातला ढिलेपणा) भरून निघेल. फोर्कला बाहेरून रिटर्न स्प्रिंग लावा. सांध्यातली क्लेव्हिस पिन (गुळगुळीत खीळ) नसेल तर बोल्ट चालतो. इतकं करूनही पेडल पार खाली गेल्यावरच क्लच सुटत असेल, तर क्लच प्लेट संपली समजा.'

ही गाडी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली, 5 लाखांहून जास्त. त्यामुळे सल्ले देणारेही उदंड. पण या गाडीचा गिअरबॉक्स खालून उतरत नाही. प्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढावं लागतं. चुकीच्या निदानावर कोणी तो खटाटोप करावा, हे मला सहन होत नाही.

आधी रॉड. स्कूटरची क्लच वायर ताणली की लिव्हरचा प्ले जातो, तोच हिशेब लोक इथे लावतात. एमजीबीत पेडल आणि फोर्क यांच्यामध्ये वायर नाही, ऑइल आहे. स्लेव्ह सिलिंडरच्या आत एक हलकी स्प्रिंग असते. ती पिस्टनला कायम बाहेर ढकलते, पिस्टन रॉडला, रॉड फोर्कला, आणि फोर्कच्या टोकावरची कार्बनची रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाला) अलगद टेकलेली राहते. म्हणजे खालच्या टोकाला पिन झिजो की फोर्कचं भोक, तो प्ले ही स्प्रिंग आपोआप भरून काढते. तुम्ही रॉड अर्धा इंच लांब केलात, तर पिस्टन तेवढाच मागे जाऊन बसेल. पेडल दाबल्यावर तो किती सरकणार हे मास्टरमधून आलेल्या ऑइलवर ठरतं, रॉडच्या लांबीवर नाही.

उलट यात नुकसान आहे. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात आणि पिस्टनला सिलिंडरमध्ये मागे रेटतात. त्यासाठी पिस्टनच्या मागे जागा मोकळी हवी. लांब रॉडने तीच जागा खाल्ली, तर एक दिवस पिस्टन तळाला टेकतो, बेअरिंग कायमची दाबलेली राहते आणि चढावर क्लच घसरायला लागतो.

मग 'रॉड बदलला आणि फरक पडला' असं सांगणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. रॉड बदलताना पिस्टन हाताने आत दाबला जातो आणि अडकलेली हवा वर मास्टरकडे निघून जाते. बऱ्याचदा त्याच बैठकीत पिनही नवी पडते नि ऑइलही. श्रेय मात्र रॉडला. एकच प्रसंग खरा आहे: कार्बन फार झिजला असेल किंवा फोर्कचा बुश गेला असेल, तर पिस्टन इतका बाहेर येतो की पुढच्या सर्क्लिपवर (पिस्टन बाहेर पडू न देणाऱ्या रिंगवर) अडतो. तिथे लांब रॉडने काही दिवस निभावतं. पण संपत आलेला कार्बन तसाच फिरत राहतो.

खरा प्ले वरच्या टोकाला शोधा, पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये. तिथे ऑइलची मदत नाही, आणि पेडलची स्प्रिंग प्रत्येक वेळी पेडल मागे ओढून सांधा मोकळा करते. बॉनेट उघडून पेडल बॉक्सचं झाकण काढा, कोणाला तरी पेडल हाताने हळू दाबायला सांगा आणि पिनेकडे बघा. पेडल हलतंय पण रॉड जागेवरच आहे, तेवढी चाल फुकट. पिन काढून नख फिरवलंत तर झिजेची पायरी नखाला लागते. पेडलचं गोल भोक लंबगोल झालेलं असतं. नुसती पिन बदलून अर्धंच काम होतं; भोक वेल्डने भरून पुन्हा अडीच सुताचं, म्हणजे 5/16 इंचाचं पाडावं लागतं.

हिशेब करून बघा. मास्टरचा व्यास 3/4 इंच, स्लेव्हचा सव्वा इंच. क्षेत्रफळाचं प्रमाण सुमारे 2.8 पट, म्हणजे मास्टर 1 मिमी सरकला की स्लेव्ह जेमतेम 0.36 मिमी सरकतो. वर 3 मिमी प्ले असेल तर खाली 1 मिमीहून जास्त चाल गेली. खाली एकूण चाल सुमारे चार सूत, म्हणजे 12 ते 13 मिमी.

बोल्टबद्दल थोडक्यात: त्याचे आटे भोकावर कानशीसारखे चालतात. गुळगुळीत पिन, वॉशर आणि नवी स्प्लिट पिन, एवढंच तिथे घालायचं.

बाहेरची रिटर्न स्प्रिंग तर सरळ उलटं काम करते. ती आतल्या स्प्रिंगला हरवून पिस्टन मागे ओढते, बेअरिंग प्रेशर प्लेटपासून सुटते, आणि पेडलची सुरुवातीची चाल ते अंतर कापण्यातच जाते. आधीच्या मालकाने लावली असेल तर काढून टाका.

राहिली प्लेट. वर सांगितलं तसं, तिची झीज पिस्टन मागे सरकून सामावून घेतो, म्हणून पेडल कुठे पकडतं ते त्यामुळे बदलत नाही. संपलेली प्लेट घसरते. क्लच न सुटणं ही वेगळी तक्रार आहे. पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग खाली जाऊन रॉडशेजारी पट्टी धरा. चाल चार सुतांपेक्षा बरीच कमी भरली तर दोष वर आहे: पेडलचा प्ले, हवा, मास्टरचे रबर किंवा फुगणारा जुना होज. चाल पूर्ण असूनही खरखर राहिली, तरच बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत शंका घ्या आणि इंजिन काढण्याची तयारी करा.