“झेपत नसेल तर सोडा” या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळ बघतं. त्या मंडळासाठी अशा मुलांचं मूल्यांकन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या बर्नआउटवर, म्हणजे कामाने आतून पार थकून जाण्यावर, मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता : पोलीस, न्यायाधीश रोज याहून भयानक पाहतात, ते रडगाणं गातात का? तासभर गप्पा मारून अहवाल द्यायचा, झेपत नसेल तर सोडा.

पोलीसही थकतातच, तो वेगळा विषय. पण भयंकर हकिगती ऐकून आम्ही थकतो, हा तुमचा समज चुकीचा आहे. त्या ऐकण्याचं तर आमचं शिक्षणच असतं.

२०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ बघा. १६ ते १८ वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असला, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची गरज आहे का, याचा प्राथमिक निर्णय मंडळ घेतं. त्यासाठी त्याची मानसिक क्षमता आणि परिणाम कळण्याची कुवत तपासायची. तीही घटनेच्या वेळची! बुद्ध्यांक काढता येतो हो, पण ‘त्या रात्री याला कळत होतं का’ हे सांगणारी चाचणी कोणाकडेच नाही. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. योग्यच केलं. पण त्यामुळे आमच्या अहवालातल्या शब्दाशब्दाचं वजन वाढलं.

आता तुमच्या ‘गप्पा’. निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, मुलाला आधीच सांगते, “तू बोलशील ते मंडळाला कळवणार.” तो मान डोलावतो. थोड्या वेळाने विसरतो, आईविषयी बोलता बोलता हुंदके देतो. दवाखान्यात इथून उपचार सुरू झाले असते. इथे मी पुढचा प्रश्न विचारते. त्याचं पुढे काय झालं, हे मला बहुतेकदा कळतही नाही.

मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी बर्नआउटची तीन अंगं मांडली : भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मला भीती मधल्याची. एक दिवस जुन्या अहवालातला परिच्छेद नाव बदलून नव्यात चिकटवावासा वाटतो, आणि ज्याच्या नावाने तो चिकटतो त्याचं अख्खं तारुण्य त्यावर अडकलेलं असतं.

‘सोडा’ म्हणता? अनुभवी लोक सोडतातच. मग त्यांच्या जागी नुकती एमए झालेली मुलगी बसते, शंका विचारायला वर कोणी नाही. मी मागितलं ते इतकंच : गंभीर प्रकरणात अहवाल दोघांनी मिळून द्यावा, ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाचा वेळ मानधनात धरावा, आणि मूल्यांकन करणाऱ्यावरच त्या मुलाच्या समुपदेशनाची जबाबदारी टाकू नये. यातलं रडगाणं नेमकं कोणतं, तेवढं कळवा.