किती जणांना झालीये?

खरूज हा शब्द हळू आवाजात उच्चारायचा असतो, हे आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला कोणी शिकवलेलं नाही. गेल्या आठवड्यात दुकानात सातआठ गिऱ्हाइकं उभी असताना मी चिठ्ठी घडी करून पुढे सरकवली. त्याने ती उलगडली, ट्यूबलाइटकडे धरली आणि आतल्या पोऱ्याला ओरडला, "अरे, खरजेच्या पाच ट्यूब काढ!" मग माझ्याकडे वळून, "किती जणांना झालीये? अख्ख्या घराला?"

माझ्या मागे बीपीच्या गोळ्यांसाठी आलेले एक आजोबा होते. इतका वेळ ते माझ्या खांद्यावरून चिठ्ठी वाचत होते, ते झटकन दोन पावलं मागे सरले. पण लांबून बोलायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

"बोटांच्या बेचक्यात आहे का?"

मी हात खिशात घातले.

"रात्री जास्त खाजते?"

मी मोबाईल काढला.

"मग खरूजच. आमच्या बोर्डिंगात सगळ्या पोरांना झाली होती. सर ओळीत उघडं उभं करायचे आणि गंधकाचं मलम चोपडायचे. वास असा, की गावातली कुत्री तिकडे फिरकायची नाहीत." दुकान मन लावून ऐकत होतं. मग आवाज आणखी चढवून, "तुम्ही आंघोळ करता ना रोज?"

दोनदा करतो हो! पण त्या किड्याला आंघोळीचं काय? जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरची ती मादी कातडीत बोगदा खणून राहते, रोज दोनतीन अंडी घालते. अंगभर सगळे मिळून असतात दहापंधरा. पंधरा जणांनी माझी दीड महिना झोप उडवली.

हा किडाच खरजेचं कारण आहे, हे बोनोमो नावाच्या इटालियन डॉक्टरने १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहून ठेवलंय. तेव्हा इकडे संभाजीराजे गादीवर होते. आणि आज आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, "उष्णता आहे, गुलकंद खा." गुलकंद संपला, खाज नाही. मग याच मेडिकलवाल्याने चिठ्ठीबिठ्ठी न मागता एक 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब दिली. तिच्यात स्टिरॉइड. चार दिवस खाज दबली, किडे मात्र मजेत. ती ट्यूब देताना त्याचा आवाज कसा अगदी हळू होता, ते आता आठवतंय.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून मनगटावरची वाकडी रेघ बघितली आणि मिनिटभरात निकाल दिला. पाच टक्के परमेथ्रिन हे किडे मारणारं क्रीम, मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर. खाजो न खाजो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. चादरी-कपडे गरम पाण्यात. आठवड्याने पुन्हा एकदा.

"मला कुठे खाजतंय?" असं म्हणत आईने तासभर खिंड लढवली. बायकोने एवढंच विचारलं, की पहिल्या वेळी खाज सुटायला किती दिवस लागतात. चार ते सहा आठवडे, असं मी भाबडेपणाने सांगितलं. तिने कॅलेंडरची पानं उलटी फिरवली आणि बोट ठेवलं ते चिपळूणच्या लग्नावर. तिथे आमची दोन्ही पोरं भावंडांना चिकटून एका गादीवर झोपली होती. "तुमच्याकडचं लग्न!" खाजवून खरूज काढणं म्हणजे काय, ते त्या रात्री अंगाला क्रीम फासलेल्या अवस्थेत कळलं. चिपळूणला फोन करून "तुम्हीपण लावून घ्या" हे सांगायचं कामही अर्थात माझ्याकडेच आलं. काका म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नसतं," आणि फोन ठेवला.

काल तर कहर झाला. मी रिक्षाच्या रांगेत, मेडिकलवाला पलीकडच्या फुटपाथवर. तिथून हात वर करून, "काय साहेब, गेली का खरूज?"

किडे मेले तरी खाज दोनचार आठवडे रेंगाळते, हे भर चौकात कोणाकोणाला सांगू? आज दुसरा हात मारायचाय. पाच ट्यूब आणायला मी डोंबिवलीहून ठाण्याला निघालोय. एरवी या लोकलमध्ये तिघांच्या बाकावरची चौथी सीटसुद्धा भांडून मिळते. आज बसल्या बसल्या दोनदा मनगट खाजवलं, आणि अख्खा बाक माझा.